मागं कोण राहणार

वाघमोडे सर शिकवताना खांद्यावरची बॅग काढत नसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. काळी बॅग, पट्टा एकदा तुटून जाड दोऱ्याने शिवलेला. फळ्यावर लिहायला हात वर केला की ती पुढे घसरायची, सर कोपराने मागे ढकलायचे आणि वाक्य पुरं करायचे. ओंकार मागच्या बाकावरून हळूच म्हणायचा, "सर हायेत का पार्सल द्यायला आलेत?" तो स्वतः सकाळी हिंजवडीत पार्सलं पोचवून वर्गात यायचा, म्हणून त्याला ते सुचायचं.

एकदा मीच विचारलं. ते धाडस कसं झालं, माहीत नाही. "सर, बॅग खुर्चीवर ठेवू का?"

"राहू दे," सर म्हणाले. "ठेवली की राहती."

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे काय, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मास्तर एकदा लागला की लागला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. तासिकावाल्या सरांचं तसं नसतं. नेमणूक एका वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि नोटीस बोर्डावरच्या यादीत नाव असलं तर असलं. सर सकाळी आमच्याकडे पौड रस्त्याला यायचे, दुपारी बावधनच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात जायचे, संध्याकाळी मारुंजीत एका शिकवणीत. डबा मोटारसायकलजवळ उभ्यानेच खायचे. स्टाफरूममध्ये शिपाईकाकांनी त्यांना एक कप्पा देऊ केला होता. तो त्यांनी घेतला नाही.

ते फलटणकडचे. घरी मेंढरं. लहानपणी कळपामागे चालत ते आमच्याच रस्त्याने ताम्हिणी उतरून कोकणात गेलेले. वर्गात आल्यावर हजेरीपट उघडायच्या आधी ते आम्हाला दोन बोटांनी जोडीजोडीने मोजायचे. पटावर बावीस, समोर सात. सातवा एकटा उरायचा, त्याच्याकडे ते क्षणभर बघत राहायचे, जणू त्याचा जोडीदार मागे कुठेतरी चुकला असावा.

दुसऱ्या वर्षाला ते आम्हाला मराठेशाहीचा पेपर शिकवत होते. पहिला महिना पुस्तक चाललं. मग एक दिवस त्यांनी त्याच बॅगेतून जुना लॅपटॉप काढला, कॉलेजचा प्रोजेक्टर लावला आणि म्हणाले, "आज पुस्तक नको. आज एक शहर घ्यायचं."

तो एक ऐतिहासिक डावपेचांचा गेम होता. नकाशा, नद्या, घाट, तटबंदीची शहरं, पागा, धान्याची कोठारं. प्रत्येक खेळीला थोडं सैन्य पुढे सरकवायचं, मग समोरचा सरकवणार. सर पुण्यात वसतिगृहात असताना तो शिकले होते. पिरंगुटला मी संगणकाचा कोर्स केलेला, म्हणून मला लॅपटॉपपाशी बसवलं. बाकीच्यांनी सांगायचं आणि मी बटण दाबायचं.

पहिलं शहर पडायला दोन तास लागले. तट कोसळला आणि पडद्यावर एक चौकट आली. तीन पर्याय. सरांनी ते मराठीत वाचले. लुटून निघा. जाळून टाका. ताब्यात ठेवा.

"ह्याला आपल्याकडं मुलूखगिरी म्हणायचे," त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, "आणि ह्याला ठाणं बसवणं." बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. मधल्या ओळीवर ते थांबलंच नाही.

"लुटा सर," ओंकार म्हणाला. "लुटायचं आन् सुटायचं."

"बरं. आणि ठेवायचं म्हटलं तर?"

"ठेवू की. काय हाय त्यात?"

"मागं कोण राहणार?"

सर गंमत करतायत असं आधी वाटलं. पण त्यांनी खिडकीकडच्या रिकाम्या बाकाकडे हात केला. नियम असा की शहर ठेवायचं असेल तर आमच्यातल्या एकाने त्या बाकावर जाऊन बसायचं. तो त्या शहराचा ठाणेदार. बाकीचे मोहिमेवर पुढे जाणार. ठाणेदाराने मोहिमेत बोलायचं नाही, आपल्या शहराचं धान्य, पहारा आणि लोकांची नाराजी वहीत लिहायची, आणि तासाच्या शेवटी पाच मिनिटं त्याला लॅपटॉप मिळणार. हे किती दिवस? शहर टिकेल तोवर.

पहिलं ठाणं माझ्याकडे आलं, कारण मी नको म्हणाले नाही. लॅपटॉप ओंकारकडे गेला.

शहर घेणं आणि शहर ठेवणं यातला फरक पुस्तकात दोन ओळींत आहे. त्या बाकावर बसल्यावर मला तो नीट कळला. लोक आपल्यावर नाराज असतात. नाराजी दाखवणारी एक पट्टी असते, ती रोज थोडी लाल होते. कर कमी केला की पट्टी जरा उतरते, पण मग पहाऱ्याला खायला पुरत नाही. पहारा कमी केला की पट्टी पुन्हा चढते. तिकडे पडद्यापाशी सगळे ओरडतायत, नवा किल्ला दिसलाय, ओंकार घोडदळ नाचवतोय, आणि इकडे मी पोती मोजतेय.

त्याचा मला घोर लागला होता, हे लिहायला जरा लाज वाटते. संध्याकाळी धार काढतानाही माझं चित्त तिकडेच. एकदा आई म्हणाली, "कुटं ध्यान हाय तुजं? वासरू सुटलंया."

"आई, माझ्या गावात दंगा व्हणार हाय."

आईने बादली खाली ठेवली. "आपल्या गावात? कोन म्हनलं?"

तिला समजावता समजावता काळोख पडला. शेवटी ती म्हणाली, "शिकायला घातली तर ही दुसऱ्याची गावं सांभाळतीया."

पाचव्या आठवड्यात माझं शहर गेलं. लोकांनीच दरवाजे उघडले. माझी वही उघडीच राहिली. सरांनी समजूत घातली नाही. ते बाकापाशी आले, बॅग मागे ढकलली आणि विचारलं, "किती दिवस टिकलं?"

"पाच आठवडे."

"आता नकाशा बघ. ह्या पाच आठवड्यांत मोहीम कुठवर गेली? कुठल्या रस्त्यानं गेली?"

मी पाहिलं. सगळं सैन्य माझ्याच शहरावरून, माझ्याच पुलावरून पार नदीपर्यंत पोचलं होतं. आता मागचा रस्ता बंद झाला होता आणि ओंकारला परतीच्या वाटेवर खायला काही नव्हतं. तो म्हणाला, मधली तीन शहरं आहेत, ती लुटत येतो. ती त्याने आधीच एकेकदा लुटली होती.

"सर, हितं कायच न्हाई," पहिल्या शहरापाशी तो म्हणाला.

"मागल्या महिन्यात तूच नेलंस."

"मंग लोकांनी परत पिकवायला नको?"

"तू येणार हाय हे कळल्यावर कोण पिकवंल बाबा?"

वर्ग हसला. ओंकारही हसला. सर मात्र हसत नव्हते. रंगात आले की त्यांची प्रमाण भाषा सुटायची आणि 'आहे'चं 'हाय' व्हायचं. मग म्हणाले, "आमी मेंढरं घेऊन गावात शिरलो की लोक आधी काठ्या घेऊन यायची. आता ही खाणार, नासणार, जाणार. आणि कुणीतरी एक शेतकरी म्हणायचा, माझ्या वावरात दोन रात्री बसवा. मेंढरं बसायची, लेंडीखत पडायचं, आमी निघायचो. पुढल्या साली तोच माणूस वाट बघत वेशीवर उभा. ही लूट का ठाणं, सांगा."

"सर, गेममधी तसलं बटणच न्हाई," ओंकार म्हणाला.

सरांनी पडद्याकडे खरंच शोधल्यासारखं पाहिलं. "न्हाई खरं," ते म्हणाले आणि तास संपला.

आता ती चूक सांगते. ती माझी आहे.

गेममधल्या शहरांची नावं परदेशी होती. कुणाच्या तोंडात बसत नव्हती, ओंकार एकाला 'तो कोपऱ्यातला' म्हणायचा तर दुसऱ्याला 'त्याच्या शेजारचा'. नावं बदलायची सोय होती. दिवाळीनंतर एक दिवस मी लवकर येऊन ती बदलली. एकाला मारुंजी, एकाला सूस, एकाला बावधन. आमच्या शहराला आमच्या गावाचं नाव, जांभूळटेक. आणि ओढ्यापलीकडे उंचावर शत्रूचं जे मुख्य शहर होतं, त्याला निगडवाडे.

आमच्याकडच्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. जांभूळटेक आणि निगडवाडे यांच्यात ओढ्याएवढंच अंतर, पण जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीच्या निकालावरून दोन्ही गावांतली पोरं एकमेकांना पाण्यात पाहतात. कुस्ती झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. सोयरिकी होतात, लग्नात पंगती बसतात, आणि जत्रेत दगड पडतात. माझी थोरली बहीण, शीतलताई, निगडवाड्यातच दिलेली आहे.

सरांनी नावं पाहिली आणि मला बाजूला बोलावलं. "ही नावं काढ. जित्या गावाचं नाव असल्या खेळात घालू नये. लोकांना राग येतो, आणि बरोबर येतो."

मी हो म्हणाले. पण त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा बारा जण आले होते. निगडवाडे घ्यायचंय म्हटल्यावर पोरं कामाच्या पाळ्या बदलून येऊ लागली. मी नावं काढायचं उद्यावर ढकललं. मग परवावर. सरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी हो म्हणाले होते, त्यांच्या दृष्टीने ते झालं होतं. पडद्यावर अक्षरं बारीक होती, सरांचा चष्मा जुना, आणि त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे असायचं.

जानेवारीत निगडवाडे पडलं. वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. चौकट आली. लुटायचं की ठेवायचं यावर पोरं भांडू लागली. सरांचं एक म्हणणं कायम असायचं, की हा निर्णय वेशीबाहेरच घ्यावा, आत शिरल्यावर घेतलेला निर्णय हाव घेते. म्हणून ते वैतागून म्हणाले, "लुटायचं असंल तर आत्ता लुटा आणि बाहेर पडा. रेंगाळू नका."

ओंकारने त्याचा व्हिडिओ काढला. पडद्यावर 'निगडवाडे', मागे धूर, आणि सरांचा आवाज. तो त्याने स्टेटसला ठेवला. दुपारपर्यंत निगडवाड्याच्या गावच्या ग्रुपवर तो फिरत होता.

दुसऱ्या दिवशी आठ-दहा मोटारसायकली कॉलेजात आल्या. प्राचार्य मॅडमनी सरांना बोलावलं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो, केबिनची खिडकी उघडी होती.

"मास्तर, पोरांना गाव लुटायला शिकवताय व्हय?" एक जण विचारत होता.

"चूक झाली. माफी मागतो."

"नाव कुणी घातलं आमच्या गावाचं?"

सरांनी एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं, माझ्याकडे, आणि नजर आत घेतली.

"मी घातलं," ते म्हणाले.

नंतर मी त्यांना मोटारसायकलपाशी गाठलं. "सर, तुम्ही मला काढायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. काढलं का ते बघितलं न्हाई. बघायचं काम माझं."

"पण सर..."

"तुझी बहीण तिथं दिलीय ना? मग गप बस." त्यांनी हेल्मेट घातलं. काचेआडून पुढे काही म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

निगडवाड्याच्या मंडळींनी लेखी तक्रार दिली आणि ती कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे गेली. शिपाईकाका मला म्हणाले, "वाघमोडेंचं पुढल्या साली अवघड दिसतंय. तासिकावाला म्हंजे काय, उपटायला मुळं थोडीच असतात." त्यांना वाईटच वाटत होतं, पण बोलायची पद्धत तशी.

पुढचे चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर ताईला सासरी कायमचं ऐकावं लागणार, तुझ्याच बहिणीने गावाची अब्रू काढली म्हणून. नाही सांगितलं तर सरांची नेमणूक जाणार. मी वहीत दोन रकाने करून पाहिले. त्यातून काहीच निघेना. शेवटी रविवारी, आईने ताईसाठी दिलेल्या वालाच्या शेंगा घेऊन मी निगडवाड्याला गेले.

ताई भाकऱ्या करत होती. मी चुलीशेजारी बसून सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "आगं मंग? गावाचं नावच घातलंस ना, कुनाच्या आईला शिवी दिलीस का? सांगून टाक. हितलं मी बघती."

"आणि तात्या?" तात्या म्हणजे तिचे सासरे. गावात त्यांचा शब्द चालतो.

"तात्या आठ दिस बोलनार न्हाईत माज्याशी. तेवढीच शांतता." मग जरा थांबून, "तुज्या त्या सरांना पोरंबाळं हायेत का?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष रोज समोर असलेल्या माणसाचं मला एवढंही माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. आवाज ओळखीचा होता. सर स्वतःच आले होते. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि जा असंही कुणी सांगितलं नव्हतं. ते सरळ मारुतीच्या देवळात गेले, तिथे रविवारी माणसं बसलेली असतात. ताईने तवा उतरवला. आम्ही दोघी देवळाच्या पायरीपाशी जाऊन उभ्या राहिलो.

सरांनी चपला काढल्या, नमस्कार केला, माफी मागितली. तात्यांनी ऐकून घेतलं.

"लुटलं म्हंजे काय काय नेलं?" त्यांनी विचारलं.

सरांनी लॅपटॉप उघडला. सगळे सरकून पुढे आले. मला वाटलं, आता पेटणार.

"हे आमचं गाव?" तात्या म्हणाले. "तट एवढा बारका?"

"कोठारात गहू दाखवलाय," दुसरा एक म्हातारा म्हणाला. "आमच्याकडं गहू कोन खातंय? इंद्रायणी तांदूळ घाला."

"ओढ्याकडनं शिरलात ना? तितनं कोनबी शिरंल. तितं चौकी पायजे."

कुणीतरी हसलं. पण कडेला उभी असलेली तरुण पोरं हसत नव्हती. त्यातला एक पुढे झाला. "मास्तर, गोड बोलून मिटत न्हाई. तुमी जांभूळटेकवाल्यांचं ऐकून नाव घातलंत. कुनी सांगितलं ते सांगा."

"कुणी न्हाई. मीच," सर म्हणाले.

मी पायरी चढून आत गेले. "तात्या, नाव मी घातलं. सरांनी काढायला सांगितलं होतं. मी काढलं न्हाई."

सरांनी डोळे मिटले. तात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"आमचंच गाव वैरी का केलंस?"

जे खरं होतं तेच सांगितलं. "आमच्या गावाखेरीज मला हे एकच गाव नीट म्हाईत हाय, तात्या. ताई हितं हाय म्हनून."

तात्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग पडद्याकडे वळले आणि सरांना म्हणाले, "आता पुढं काय असतं? लुटलं, मंग?"

"लुटलं की निघून जायचं. न्हाईतर ठाणं बसवायचं."

"लुटनारा परवडला," तात्या म्हणाले. "राहनारा लई जड जातो. त्यो पलीकडला माळ बघा. पुन्याच्या कुन्या प्लॉटवाल्यानं घेतला, कुंपन घातलं, आन् एक बिहारचा गडी बसवला राखनीला. मालक फिरकला न्हाई परत. गडी बसलाय पाच वरसं. आधी आमी त्याला पानी देत नव्हतो. आता पोळ्याला त्याच्याकडं पुरनपोळी जाती. त्याला इचारा ठानं काय असतं. मालकाला काय ठावं?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि हे तळहातावर लिहून घेतलं. खरंच लिहिलं. कागद बॅगेत होता, पण बॅग उघडायला वेळ जाईल असं त्यांना वाटलं असावं.

निघताना ते माझ्यावर चिडले होते. गाडी सुरू करून म्हणाले, "मी एक जागा धरून बसलो होतो. ती तू सोडलीस."

"सर, तुमची नेमणूक..."

"नेमणूक दर वर्षी जाती. बहिणीचं घर एकच असतं." आणि गेले.

सोमवारी तात्या स्वतः कॉलेजात आले, आमची तक्रार नाही असं सांगून गेले. ताईशी ते चारच दिवस अबोल राहिले. मला वाटलं, सुटलो. मी प्राचार्य मॅडमकडे जाऊन सगळा प्रकार पुन्हा सांगितला. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "नाव कोणी घातलं हा प्रश्न आता राहिला नाही बाळ. वर्गात गेम का चालू होता, असं संस्थेने विचारलंय. गावाने कागद मागे घेतला, पण संस्थेच्या फायलीत तो लागलाय."

त्यानंतर वर्गात लॅपटॉप आला नाही. सर यायचे, जोडीजोडीने मोजायचे, पुस्तक उघडायचे. पोरं पुन्हा सात झाली. त्यांनी राहिलेला अभ्यासक्रम वेळेत संपवला, एक धडाही सोडला नाही. शेवटच्या तासाला वेगळं काही बोलले नाहीत. तासिकावाल्यांना निरोप समारंभ नसतो, कारण ते पुढच्या वर्षी येणार नाहीत असं कुणी म्हणत नाही. जुलैत नव्या वर्षाची यादी लागली. मी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. इतिहासापुढे दुसरं नाव होतं.

नंबर माझ्याकडे होता. फोन करावा असं कितीदा वाटलं. काय म्हणणार होते? तुमचं कसं चाललंय, हे विचारायचा मला अधिकार आहे का, तेच कळेना. ओंकार म्हणाला, सरांचं बावधनचंही सुटलं म्हणतात. कुणी म्हणालं, नगरकडे गेले. कुणी म्हणालं, गावी मेंढरं बघतात. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात होती. इतिहासाच्या पेपरला खोलीच्या दारावर पर्यवेक्षकांची यादी लावलेली होती, छापील नावं आणि प्रत्येकापुढे पद. अगदी खाली, छापील ओळी संपल्यावर, निळ्या पेनाने 'वाघमोडे' असं नाव लिहिलं होतं. पुढे पद नव्हतं. ते दोनदा वाचून मी आत गेले.

सर उत्तरपत्रिका वाटत होते. केस पांढरे झालेत. मला त्यांनी ओळखलं की नाही, समजलं नाही. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षकाने कुणाशी बोलायचं नसतं. त्यांनी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

प्रश्न सोपे होते. मी लिहीत राहिले. दोन तास झाल्यावर ते रांगेतून फिरत माझ्या बाकापाशी थांबले. वरून त्यांना माझं पान दिसत असणार. मी मुलूखगिरीवर लिहीत होते. ते वाचत होते का, हे मान वर करून बघण्याची मला भीती वाटली. बरोबर लिहिलंय का सर, एवढंच विचारायचं होतं. आणि कुठे असता, कसे असता, घरी कोण कोण असतं.

"पुरवणी?" त्यांनी विचारलं. तेवढा एकच शब्द त्यांना बोलता येत होता.

माझ्या उत्तरपत्रिकेत अजून सहा पानं कोरी होती. ती त्यांना दिसत होती.

"हो, सर," मी म्हणाले.

त्यांनी गठ्ठ्यातली एक पुरवणी काढली, सावकाश क्रमांक घातला, सावकाश सही केली. खिशातून पांढरा दोरा काढून तो वरच्या भोकात स्वतःच ओवला, म्हणजे मला नंतर बांधताना सोपं जाईल. मग शेजारच्या रांगेत कुणीतरी हात वर केला आणि ते तिकडे गेले.

मी त्या पुरवणीत काही लिहिलं नाही. घंटा झाल्यावर ती तशीच कोरी उत्तरपत्रिकेला बांधली आणि दिली.